एकोणीस पांढऱ्या काचा

विंका: नाही म्हणजे नाही. आठ नंबरची काच मिळणार नाही.

जेर्को: तिसऱ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, बिस्किटांच्या डब्यात आहे. मीच ठेवलीय ती. तू या स्टोअरच्या खिडकीत बसायला लागलीस, त्याच्याही आधी.

विंका: असू दे. ती फिकी, पातळ पत्र्याच्या कामाची. तू एकशेचाळीसच्या करंटवर रॉड ओढतोस. तुला अकरा.

जेर्को: अकरा लावून मला काय दिसणार? वाइनच्या पिंपातला अंधार.

विंका: त्याच पिंपात बसून तीस वर्षं वेल्डिंगचे जोड घातलेस. दुसऱ्या गोद्यांतली माणसं ते बघायला यायची.

जेर्को: तेव्हा काचा काचेसारख्या होत्या. आता जो माल येतो तो... जाऊ दे. दे ना, कुमा. सगळे दहाच्या न्याहारीला गेलेत. आज माकूळ आणि वाटाणे आहेत. तोमा बसला म्हणजे मला रस्सासुद्धा उरणार नाही.

विंका: माकूळ मेलेलं आहे, पळून जात नाही. आधी सांग, आठ नंबर बसवणार कशात? नव्या हेल्मेटात काच बदलायची नसते, नुसतं बटण फिरवायचं.

जेर्को: जुन्यात बसवतो. कपाटातून काढलंय परत. हे बघ.

विंका: मांदाच्या लोकरी मोज्यात घातलेलं! बायकोचा मोजा, अजून?

जेर्को: लोकरीसारखं दुसरं काही नाही. एक ओरखडा दाखव. त्या तोमाला शंभरदा सांगितलं, बाबा, हेल्मेट काचेवर पालथं टाकू नकोस, बाहीने पुसू नकोस, बाहीत लोखंडाची भुकटी असते, ती काच खाते. ऐकतो कुठे? परवा हेल्मेटात लिंबं भरून घरी गेला.

विंका: तोमाचं सोड. ईस्टरनंतर ही नवी हेल्मेटं आली, तेव्हा मी तुला पाच घालून दाखवली होती. आठवतं? एकाची खिडकी लहान म्हणालास, एक मानेला जड, एकाचा पट्टा कानाला लागतो. नवरी बघायला गेल्यासारखा अर्धा दिवस घालवलास. मग हे निवडलंस. मोठ्या खिडकीचं, हलकं. ठिणगी पडली की आपोआप काळं होतं, जुन्यासारखं मानेने झटका देऊन खाली पाडायला नको, म्हणून सगळ्यांना दाखवत फिरलास. आता काय झालं त्याला?

जेर्को: बिघडलं. धुकं धरतं.

विंका: आणि नऊच्या खाली जात नाही.

जेर्को: कोण म्हणालं?

विंका: त्याचं बटण म्हणालं. तू संध्याकाळी खुंटीला लावून जातोस ना, तेव्हा बघते मी. उन्हाळ्यात अकरावर होतं. द्राक्षं काढून झाली तेव्हा दहा. महिन्याभरापूर्वी नऊ. आता पुढे वाट नाही, म्हणून आज तुला बाबा आदमच्या वेळचं हेल्मेट आठवलं.

जेर्को: तू स्टोअर सांभाळतेस की पोलीस चौकी?

विंका: स्टोअरच सांभाळते. माझ्या तिहानाच्या बाप्तिस्म्याला तू तिला हातावर धरलंस, तेव्हापासून मी तुला कुमे म्हणते आणि तू मला कुमा. ते नातं नसतं तर मी हे तुझ्याशी बोललेच नसते. सरळ श्पिरोच्या कचेरीत गेले असते.

जेर्को: फोरमनचं नाव घेऊन घाबरवतेस? त्याला रॉड धरायला मी शिकवलं.

विंका: म्हणून तर तो तुला काही विचारणार नाही.

जेर्को: हे बघ, आज युगो सुटलाय. पहाटेपासून हा दक्षिणेचा दमट वारा डोक्यात बसलाय सगळ्यांच्या. म्हातारे सांगायचे, युगो वाहत असताना न्यायाधीशसुद्धा निकाल देत नसत. सोमवारी बोलू.

विंका: शनिवारी ही गाड्या नेणारी फेरीबोट पाण्यात जाणार आणि आपण सोमवारी बोलू. छान. ऑक्टोबरात पांढऱ्या काचा किती नेल्यास?

जेर्को: त्या काय, काळ्या काचेच्या पुढच्या साध्या काचा. शिंतोडे झेलायलाच असतात. खराब झाली की बदलायची. तूच सांगतेस सगळ्यांना.

विंका: किती नेल्यास?

जेर्को: पाच. सहा.

विंका: एकोणीस. जो लिंबं भरतो त्याने तीन.

जेर्को: मी काम जास्त करतो.

विंका: जुन्या परत आणून त्या पेटीत टाकतोस ना, त्या मी सगळ्या उजेडासमोर धरल्या, एक एक. अकरा काचा कोऱ्या करकरीत होत्या. शिंतोडा नाही, ओरखडा नाही.

जेर्को: धुकं होतं त्यांत.

विंका: नव्हतं, कुमे.

जेर्को: तुला काय माहीत? तू हेल्मेट डोक्यात घालून आर्क पेटवतेस? खिडकीत बसून काच बघणं वेगळं, वाकून तिच्यातून बघणं वेगळं.

विंका: बरं, वेगळं. नवं हेल्मेट इकडे दे. काल तू गेल्यावर मी याची आतली पांढरी काच बदलली. सकाळी सांगितलं होतं तुला.

जेर्को: सांगितलंस.

विंका: कशी आहे?

जेर्को: बरी आहे. म्हणजे, फार काही फरक नाही. पण आधीच्यापेक्षा बरी.

विंका: याच हेल्मेटाने केलंस सकाळपासूनचं काम?

जेर्को: यानेच. रंगाच्या खोलीतल्या फडताळांचे टेकू. आठ झाले.

विंका: मग इथे बघ. मी नखाने कड उचलते. बघतोयस?

(काचेवरून दुधी प्लास्टिकचं एक पातळ पान सोलून निघतं. विंकाला वाटलं होतं की हे पान हातात आलं म्हणजे आपलं म्हणणं खरं ठरेल आणि जरा मोकळं वाटेल. तसं काही वाटत नाही. बाहेर वाऱ्याने छपराचे पत्रे वाजत राहतात.)

जेर्को: काय आहे ते?

विंका: कारखाना नव्या काचेवर चिकटवून पाठवतो ते. वाटेत ओरखडे पडू नयेत म्हणून. घालण्याआधी काढायचं असतं. राहिलं तर समोर दूध सांडल्यासारखं दिसतं. एकदा तोमा काढायला विसरला होता. दोन मिनिटांत शिव्या देत परत आला.

जेर्को: तू विसरलीस काढायला.

विंका: नाही.

जेर्को: म्हणजे?

विंका: मुद्दाम ठेवलं. आज तुझ्याकडे फक्त फडताळं आहेत, बोटीच्या अंगाला हात लावायचा नाही, हे श्पिरोकडून विचारून घेतलं आणि मगच ठेवलं.

जेर्को: सापळा लावलास मला. उंदराला लावतात तसा.

विंका: लावला. आणि कालपासून देवाला सांगत होते, तो येऊ दे, माझ्या तोंडावर काच फेकू दे, म्हणू दे की विंका, बाई, तुझे डोळे फुटले का, हे काढायचं राहिलं. आठ टेकू केलेस, कुमे. आणि म्हणतोस, आधीच्यापेक्षा बरी.

जेर्को: तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणालो.

विंका: माझ्या मनाला बरं वाटलं असं दिसतंय तुला?

जेर्को: ...दार लोटून घे.

विंका: कुणी नाहीये. बोल.

जेर्को: मधोमध आहे. काचेवर कुणी तेलकट अंगठा टेकवला की ठसा उठतो ना, तसा. पुसला की जावा असा. म्हणून पुसत होतो. म्हणून बदलत होतो. देवाशपथ, पहिले दोन आठवडे मला खरंच काचेचाच दोष वाटला.

विंका: आणि नंतर?

जेर्को: नंतर हेल्मेट काढलं तरी ठसा तिथेच. ज्याच्याकडे नजर लावावी तिथे. कडेकडेने सगळं स्वच्छ दिसतं. धक्का दिसतो, बोट दिसते, मांजर पळालं तर दिसतं. रॉडच्या टोकाशी लोखंड वितळतं, तेवढा वाटाण्याएवढा उजेड बघायचा असतो, तोच नेमका दिसत नाही. म्हटलं, काच फिकी केली तर उजेड ठशातून पार होईल. दहा केलं, नऊ केलं. नुसते डोळे दिपतात.

विंका: कधी कळलं तुला? खरं सांग.

जेर्को: सप्टेंबरात. द्राक्षं काढताना. घड दिसायचा, कात्री जिथे लावायची तो देठ दिसायचा नाही. मांदा म्हणाली, आज तू द्राक्षं तोडतोयस की बोटं?

विंका: तिला माहीत आहे?

जेर्को: नाही. स्प्लितला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो, तेव्हा तिला सांगितलं, मेहुण्याच्या ट्रॅक्टरचा पट्टा आणायला चाललोय. मग पट्टाही आणावा लागला. मेहुण्याकडे तसला ट्रॅक्टर नाही.

विंका: हसवू नकोस मला. डॉक्टर काय म्हणाला?

जेर्को: डॉक्टरीण होती. चांगली होती. म्हणाली, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा डाग आतल्या पडद्यावर आहे. चष्म्याने जात नाही, ऑपरेशनने जात नाही. वाढू नये म्हणून बघत राहायचं. मग विचारलं, उघड्या डोळ्यांनी कधी आर्कच्या उजेडाकडे पाहिलंयत का?

विंका: काय सांगितलंस?

जेर्को: काय सांगणार? आमच्या तरुणपणी नुसता टाका मारायला हेल्मेट घालणं म्हणजे बायकी समजायचे. रागावू नकोस, तेव्हा असं म्हणायचे. डोळे मिटायचे, तोंड फिरवायचं आणि टाका मारायचा. दिवसाला दोनशे. कधी मिटायला उशीर व्हायचा. घरी गेलं की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचो, सकाळी परत कामावर. डॉक्टरीण म्हणाली, त्यानेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, वयानेही होतं. पण ती हे म्हणाली तेव्हा खिडकीकडे बघत होती.

विंका: सप्टेंबरापासून तू बोटीवर काम करतोयस.

जेर्को: करतोय.

विंका: कसं?

जेर्को: कानाने. नीट लागलेला आर्क बोलतो, कुमा. कढईत बारकी मासळी सोडली की जसा आवाज येतो, तसा एकसारखा. रॉड लांब गेला की फुरफुरतो, फार जवळ गेला की घुसमटतो. आणि बाकीचं हात करतो. कुठे किती वेळ थांबायचं ते हाताला माहीत असतं. तू अंधारात पोळी भाजशील की नाही?

विंका: पोळीवर कुणी ट्रक चढवत नाही.

जेर्को: वरून देखणे झालेत सगळे जोड. इन्स्पेक्टरने जोडावर बोट फिरवून बघितलं. म्हणाला, उस्ताद, याला रंग कशाला द्यायचा, असंच राहू द्या.

विंका: वरून. आत?

जेर्को: तळाच्या पत्र्यांचा दहा जागी एक्स-रे काढला. दहाही जागी पास.

विंका: दहा जागी. जोड किती लांबीचा?

जेर्को: चाळीस मीटर.

विंका: अजून काय केलंस द्राक्षांनंतर? सगळं सांग. गाड्या चढायच्या रॅम्पच्या बिजागऱ्या उन्हाळ्यातल्या ना? तेव्हा मी पाणी घेऊन आले होते, तू उघडा-वाघडा घामात बसला होतास.

जेर्को: उन्हाळ्यातल्याच.

विंका: दोन्ही?

जेर्को: ...उजवी परत करावी लागली. माप चुकलं होतं. कापून चार बोटं पुढे घेतली. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा.

विंका: ती कुणी केली?

जेर्को: तुला माहीत आहे कुणी केली.

विंका: तुझ्या तोंडून ऐकू दे.

जेर्को: मी केली. आणि चांगली झाली, विंका. मासळीसारखी बोलत होती. पूर्ण वेळ. एक जागा सोडून.

विंका: कोणती जागा?

जेर्को: खालच्या अंगाला. रॉड संपला, दुसरा लावला, तर सुरुवातीला आवाज पोकळ आला. रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा. लोखंडाचं कीट आत अडकलं असेल, नाहीतर तळाला लोखंड पोचलंच नसेल. ग्राइंडर लावून उघडायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम.

विंका: मग उघडलं का नाहीस?

जेर्को: शेजारी सगळे होते. तोमा होता, पंपवाले होते. जेर्को आणि आपल्याच जोडाला ग्राइंडर? कुणीतरी विचारलंच असतं, काय झालं, बार्बा, काका, दिसलं नाही का? थट्टेनेच विचारलं असतं. मी वरून दुसरा थर दिला, घासून पुसून घेतला, माझा नंबर ठोकला आणि उतरलो.

विंका: एक्केचाळीस.

जेर्को: एक्केचाळीस. या गोदीत प्रत्येक जोडाशेजारी जोडणाऱ्याचा नंबर ठोकलेला असतो. एवढ्या वर्षांत एकाही एक्केचाळीसवर कुणी ग्राइंडर लावलेला नाही. मला दुसरं काय कमावता आलं? पोरंबाळं नाहीत. दीड एकर द्राक्षं, त्यांना कीड. हा एक नंबर आहे.

विंका: आणि त्या बिजागरीवर माझी पोरगी रोज उभी राहणार. सकाळी सहाच्या फेरीपासून. गाड्यांना हात करायला, तीच तिची नोकरी.

जेर्को: ते तुझ्याआधी माझ्या मनात आलंय. एकदा नाही. मी तिच्यासाठी चर्चमध्ये वचन दिलंय, ते मला पाठ आहे अजून.

विंका: मनात आलं आणि तू काय केलंस? आठ नंबर मागायला आलास.

जेर्को: ऐक. माझं ठरलंय. शनिवारी बोट पाण्यात गेली की माझी पाठ धरणार. पाठीवर कुणी संशय घेत नाही. रजा, मग पेन्शन. परत रॉड हातात धरणार नाही. मग हळूच, एखाद्या रविवारी बोट धक्क्याला असताना, तोमाला घेऊन जाईन, म्हणेन बिजागरीवर अजून एक पट्टी मारून टाक, मला बरं वाटेल. तो मारेल. कुणाला काही कळायचं नाही.

विंका: कोणता रविवार?

जेर्को: लवकरचाच.

विंका: तोपर्यंत किती गाड्या?

जेर्को: विंका, दोन दिवस गप्प राहा. तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही मी.

विंका: दोन दिवस? मी दोन महिने गप्प आहे. एकोणीस काचा तुला कुणी दिल्या? पाचव्या काचेला मला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. दहावीला खात्री झाली. विचारलं नाही. म्हटलं, जेर्कोला वाईट वाटेल. इतका मानी माणूस, त्याला खिडकीतून कसं विचारायचं. काच दिली, सही घेतली, पुढचा. ती बिजागरी तू केलीस, पण मीसुद्धा केली.

जेर्को: तुझा काही दोष नाही त्यात.

विंका: आहे. मला माझा घेऊ दे. तू तुझा घे.

श्पिरो: बार्बा जेर्को! इथे आहात होय! अख्खी गोदी पालथी घातली. माकूळ संपत आलं होतं, तुमची ताटली झाकून ठेवलीय, तोमाच्या हातावर चमचा मारून. ऐका, शनिवारचं पक्कं झालं. उद्या शुक्रवार, शुक्रवारी कुणी बोट पाण्यात सोडत नाही, आमचा मालक तर नाहीच नाही. तेव्हा शनिवारी दहाला पाद्री, साडेदहाला पाण्यात. मग एक सिमेंटचा ट्रक भरून चढवायचा आणि उतरवायचा, मालकाची हौस, फोटो काढायचेत. विंका, तुझी तिहाना रॅम्पवर उभी राहून ट्रकला आत घेणार. पेपरात येईल पोरगी.

विंका: हं.

श्पिरो: नुसतं हं? काय झालंय इथे? कोण मेलं?

विंका: कुणी नाही. अजून.

श्पिरो: म्हणजे?

विंका: मला मागे माल लावायचाय. तुम्ही बोला.

जेर्को: जाऊ नकोस, विंका. थांब इथेच. श्पिरो, भरलेला ट्रक?

श्पिरो: भरलेला. सोळा टन. का?

जेर्को: चढवू नकोस.

श्पिरो: रॅम्प वीस टनांचा आहे, बार्बा. कागदावर आहे. जोड तुमचा आहे. मी हत्ती चढवीन.

जेर्को: उजव्या बिजागरीला ग्राइंडर लाव. खालच्या अंगाला, दुसरा रॉड जिथे सुरू झाला तिथून. आत पोकळ आहे.

श्पिरो: इन्स्पेक्टरने तपासलंय. लाल रंग लावून, पावडर मारून, माझ्यासमोर. एक रेघ उठली नाही.

जेर्को: त्याने वरची चीर कळते. आतलं त्याला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मला काहीच दिसत नव्हतं, श्पिरो. सप्टेंबरापासून रॉडचं टोक मला दिसत नाही. मी कानाने काम केलंय.

श्पिरो: थट्टा करताय.

जेर्को: तळाचे उजवीकडचे चार पत्रे. बिजागरी. साखळीच्या खोलीतला आडवा टेकू. सप्टेंबरची वीस तारीख, त्यानंतर जिथे जिथे एक्केचाळीस दिसेल, ते सगळं.

श्पिरो: बार्बा, ऐका. तुम्ही दमलायत. युगो आहे. घरी जा, दोन दिवस आराम करा. तुम्ही मला काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. सही झालेली आहे. इन्स्पेक्टर परत गेलाय. मालकाने चाळीस पाहुणे बोलावलेत, बेटावरून बँडवाले येणार आहेत. मला समजत नाही तुम्ही काय सांगताय.

जेर्को: तुला समजतंय. म्हणून तू भरभर बोलतोयस.

विंका: तू ऐकलं नसशील, श्पिरो. मी ऐकलंय. आणि काचा मी दिल्यात, एकोणीस, माझ्याकडे सह्या आहेत. ग्राइंडर तू लावणार नसशील तर मी बंदराच्या कप्तानाकडे जाते. आत्ता, या डगल्यातच.

श्पिरो: तुला माहीत होतं?

विंका: होतं. म्हणजे, न विचारण्याइतकं माहीत होतं.

श्पिरो: वा. अख्ख्या गोदीत मलाच तेवढं काही माहीत नव्हतं. मी त्यांचा जोड कधी तपासलाच नाही. एकदाही नाही. नंबर बघायचा आणि पुढे जायचं. चौदा वर्षं फोरमन आहे मी इथे. काय लिहू मी रिपोर्टात? फोरमनने नंबर वाचला?

जेर्को: तुझं नाव यायचं कारण नाही. मी लपवलं, मी लिहून देतो.

श्पिरो: मला लिहून नकोय! बिजागरी हवीय मला! ...फोन कुठंय माझा. हॅलो. तोमा, खाणं पुरे. उजव्या बिजागरीवर ये, मोठा ग्राइंडर घेऊन. हो, उजवी. रंगाची चिंता करू नकोस, रंग गेला खड्ड्यात. आणि पंपवाल्यांना सांग, कुणी घरी जायचं नाही. का ते मी सांगतो आल्यावर. विंका, जोड आतून तपासणाऱ्या त्या अल्ट्रासाउंडवाल्या बाईंचा नंबर आहे तुझ्याकडे?

विंका: आहे. लावते.

श्पिरो: त्यांना म्हणावं, आज. उद्या नाही, आज. चाळीस मीटर आहे म्हणावं. आणि मालकाला... मालकाला मी सांगतो. शनिवार गेला. हा महिना गेला तरी चालेल.

जेर्को: श्पिरो, बिजागरी उघडलीस की तळापर्यंत खाच कर. कोन जरा रुंद घे. तिथे रॉडला वळायला जागा नाही, मीही अडकलो होतो.

श्पिरो: माहीत आहे मला.

जेर्को: आणि आधी गरम कर. पत्रा जाड आहे.

श्पिरो: माहीत आहे, बार्बा. तुम्हीच शिकवलंय.

विंका: फोन लागला. बाई म्हणतात, चारपर्यंत पोचते.

श्पिरो: बरं.

विंका: श्पिरो, बाईंना गेटवर घ्यायला कुणाला पाठवू?

श्पिरो: मी जातो.

जेर्को: श्पिरो.

श्पिरो: काय?

जेर्को: असा गप्प उभा राहू नकोस. बोल काहीतरी.

श्पिरो: काय बोलू?

जेर्को: काहीही बोल. मला आता माणसांची तोंडं दिसत नाहीत. तू बोलल्याशिवाय मला कळणार नाही, तू रागावलायस की नाही.

श्पिरो: रागावलोय, बार्बा.

जेर्को: बरं.